सरांचे पंधरा, माझे सतरा

८ जानेवारी २०२४

आज जे झालं ते कुणाला सांगायची परवानगी नाही, म्हणून इथे लिहितेय. सप्रे सरांचा नियम आहे: मासा नवा वाटला तर तोंड बंद. "मासा नवा आहे असं वाटणं हा आपल्या धंद्यातला पहिला आजार," असं ते म्हणतात. तर मला तो आजार झाला आहे.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात मी अधूनमधून जाते. बोटींच्या जाळ्यात जे भलतंसलतं येतं, ज्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, ते उचलून लॅबमध्ये आणते. आज त्या ढिगात पाच मासे सापडले. बोटाएवढे, खोल खडकातले. नारिंगी अंग, पाठीवर जांभळट झाक आणि शेपटीला पिवळी किनार. याचा एक जुळा भाऊ पुस्तकात आहे, शंभर वर्षांपासून सगळ्यांना माहीत असलेला. त्याला किनार नाही.

रंगावर भागत नाही म्हणा. फॉर्मॅलिनमध्ये गेला की कुठलाही मासा उकडलेल्या बटाट्यासारखा दिसायला लागतो. खरी ओळख पाठीवरच्या परात, म्हणजे फिनमध्ये. पुढे कडक काटे, मागे मऊ काटे, ते भिंगाखाली मोजायचे. जुळ्या भावाचे दहा कडक, पंधरा मऊ. माझ्या माशाचे दहा कडक, सतरा मऊ. पुन्हा पुन्हा मोजले, तेवढेच.

आई म्हणाली, "काय गो, हसतेस कशाला एकटीच?" म्हटलं, काही नाही.

११ जानेवारी

आमच्या लॅबची मोजायची एक रीत आहे, सरांनीच घातलेली. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्या काचेच्या बशीत टाकायच्या आणि मग एकत्र उघडायच्या. जुळल्या तर तो आकडा खरा. नाही जुळल्या तर पुन्हा. जुळेपर्यंत तिसऱ्या माणसाला मासा दाखवायचा नाही. तिसरा आला की लोक मोजत नाहीत, मतदान करतात, असं सरांचं म्हणणं.

आज बशी उघडली. माझी चिठ्ठी: दहा, सतरा. सरांची: दहा, पंधरा.

"पुन्हा," सर म्हणाले.

सरांनी आजवर अकरा नवे मासे जगाला सांगितलेत. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी रोज गिरगावातून परळला लॅबमध्ये येतात. मी कोण? माझा प्रबंध जूनमध्ये द्यायचाय आणि त्यातलं सांगण्यासारखं एवढंच एक आहे, हा मासा. चुकले असेन.

१२ जानेवारी

पुन्हा मोजलं. दहा, सतरा. सर: दहा, पंधरा.

एका गोष्टीचं कौतुक मात्र वाटलं. माझ्यानंतर सर सूक्ष्मदर्शकावर बसले, आणि उठले तेव्हा मी जाऊन बघितलं तर फोकसचं चाक जिथल्या तिथे. आमच्या लॅबमधली इरावती माझ्यानंतर बसली तर दहा वेळा चाक फिरवते. सरांचा चष्मा एवढा जाड, तरी त्यांना माझ्याच फोकसवर दिसतं. याला म्हणतात सराव.

२९ जानेवारी

पाचही मासे झाले. पाचही वेळा मी सतरा, सर पंधरा. आणि गंमत अशी की कडक काट्यांवर आमचं कधीच भांडण नाही, दहा म्हणजे दहा. मऊ काट्यांशी आलं की फाटतं. मऊ काटे मोजण्यात माझंच काहीतरी चुकत असणार. शेवटचा काटा मुळाशी दुभंगलेला असतो, तो मी दोन धरते की काय? पण तसं धरलं तरी एकच जास्त होईल, दोन नाही. डोकं चालेनासं झालंय.

सर आज रंगावर अडून बसले होते. फोटो आहे ना, म्हटलं. "फोटो खोटं बोलतो. तू सांग."

"किनार पिवळी आहे सर."

"कसला पिवळा? हळदीचा? लिंबाचा? झेंडूचा? पिवळा हा रंग नाही नम्रता, पिवळा हे आडनाव आहे."

अर्धा तास परीक्षा चालली होती. मी सांगितलेल्या कुठल्याच पिवळ्यावर त्यांचं समाधान झालं नाही.

९ फेब्रुवारी

फार वाईट वाटलं आज. लॅबच्या फाटकाशी सर टॅक्सीतून उतरत होते, बरोबर त्यांच्या बायको, नलूकाकू. (काकूंना हल्ली बाहेर पडायची हौस आलीय, रोज सरांना सोडायला येतात.) मी समोरूनच येत होते, हात केला, हसले. सरांनी माझ्या अंगावरून नजर नेली आणि पुढे निघून गेले. काकू मात्र ओळखीचं हसल्या.

वर गेल्यावर मी "गुड मॉर्निंग सर" म्हटलं तर एकदम प्रेमानं, "आलीस का!" मग खाली काय झालं होतं?

आणि हल्ली ते बोलताना माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या कानाकडे बघतात. मी एकदा कानाला हात लावून पाहिला, काही लागलंय की काय.

२० फेब्रुवारी

दादाला सांगितलं. मासा कुठला ते सांगितलं नाही, फक्त माझा आकडा सरांना पटत नाही एवढंच. दादा म्हणजे संघर्ष, बँकेत आहे आणि नावाला जागतो.

"सिंपल आहे नमे. सप्रेंना कांबळेचा आकडा चालत नाही."

"काहीतरी बोलू नकोस. सरांनीच घेतलं मला. दुसरीकडे विचारलं पण नव्हतं कुणी."

"घेतलं ना. घेणं वेगळं, ऐकणं वेगळं. तोंडाकडे बघून बोलत पण नाहीत म्हणतेस. तू तिथे भांडत का नाहीस? घरात तर माझा जीव खातेस."

खूप भांडले मी त्याच्याशी, सरांच्या बाजूनं. आई मध्ये पडली, "दोघं गप जेवा. तिचं नाव नम्रता ठेवलं तिथंच चुकलं माझं." सगळे हसलो. पण रात्रभर दादाचं वाक्य डोक्यातून गेलं नाही. खोटं म्हणावं तर फाटकाशी झालेलं आठवतं. खरं म्हणावं तर सर स्वतःच्या डब्यातली पुरणपोळी आधी माझ्यापुढे धरतात.

२ मार्च

दादरला जाऊन डोळे तपासून आले. औषध घालून दोन तास बसवलं, बाहेर आले तर सगळं शिवाजी मंदिर पांढरंफटक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उत्तम आहेत डोळे, कुणी पाठवलं तुम्हाला? काय सांगणार, की दोन काटे जास्त दिसतात?

आता मोजायला बसलं की प्रत्येक काटा दोनदा मोजते. परवा इरावतीच्या शिंपल्यांवरच्या रेषा मोजून दिल्या, आणि दिल्यावर तिला म्हटलं, "तू पण एकदा बघ हं, माझा भरवसा नाही." ती म्हणाली, "तुझा भरवसा नाही? काय बोलतेस!" खरंच, मी असं कधी म्हणत नसे.

१५ मार्च

केरळातल्या एका लॅबलाही पिवळ्या किनारीचा मासा मिळाल्याची कुजबुज इरावतीनं आणली. (माझ्या बरणीत काय आहे ते तिला माहीत नाही, बिचारी सहज सांगत होती.) ज्याचं आधी छापून येईल त्याचा मासा. दुसरा लाख मोजत बसो.

मी सरांना म्हटलं, एक्स-रे काढू या. काटे आपोआप दिसतील, वाद मिटेल.

"आधी माणसाचे डोळे, मग यंत्र," सर म्हणाले. आवाज चढला होता. "एवढी घाई असेल तर दुसरा गाईड शोध."

मग पाच मिनिटांनी शांतपणे, "त्या केरळच्या बातमीचं काय आहे ते वाचून दाखव." हल्ली सगळं मलाच वाचायला लावतात, स्वतःचे जुने लेखसुद्धा. म्हणतात, कानाला खटकतं ते चुकीचं असतं.

मला या माणसाचं काहीच कळत नाही.

२८ मार्च

आज जे झालं ते नीट लिहिते, कारण अजून विश्वास बसत नाहीये.

सरांनी शेवटची मोजणी ठेवली होती. आज जुळलं नाही तर मासा जुनाच समजून प्रकरण बंद करायचं, असं ते म्हणाले होते. मी माझी चिठ्ठी टाकली, ट्रेमधली बरणी त्यांच्यापुढे ठेवली आणि चहा सांगायला गेले. परत आले तर सरांची चिठ्ठी बशीत. उघडल्या. दहा, सतरा. दहा, पंधरा.

"झालं तर मग," सर म्हणाले, आणि हात पुसत उठले. हात जरा जास्तच वेळ पुसत होते. मला रडू आवरत नव्हतं म्हणून मी बरण्या आवरायला घेतल्या, आणि तेव्हा दिसलं. इरावतीनं जागा करायला ट्रे हलवला होता, त्यात बरण्यांच्या जागा बदलल्या होत्या. मी सरांपुढे ठेवलेल्या बरणीत माझा मासा नव्हताच. राणी होती.

राणी! परळ-लालबागच्या प्रत्येक घरात तव्यावर पडणारी राणी. औषधात पांढरी पडलेली, लहान, बोटाएवढी, पण राणीच. तिचे कडक काटे दहा, बरोबर. मऊ काटे नऊ. सरांनी तिचे पंधरा लिहिले.

चिठ्ठी माझ्यासमोर आहे. पंधरा.

२९ मार्च

एकच अर्थ लागतो. सरांनी ओळखली राणी, आणि मुद्दाम पंधरा लिहिले. मी काय करते ते बघायला. म्हणजे ही सगळी परीक्षाच चाललीय जानेवारीपासून? की मोजायचंच नव्हतं त्यांना, माझा मासा नाकारायचा हे आधीच ठरलेलं? मग दादा बरोबर ठरतो.

उद्या गिरगावात जाते, बरणी घेऊन. तोंडावर विचारणार.

३० मार्च

सर चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. गॅलरीत दारासमोरच खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर जाऊन उभी राहिले, पण मुद्दामच बोलले नाही. म्हटलं, आज आधी त्यांनी बोलावं.

त्यांनी मान वर केली आणि माझ्या कानाकडे बघून हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"लवकर आलीस! भाजी मिळाली का? आज पेपर राहिलाय आपला. काल अग्रलेख अर्धा वाचून झोपलीस तू."

मी नलूकाकूंपेक्षा वीतभर उंच आहे. जीन्स घातली होती. पाठीमागे ऊन होतं म्हणून असेल, असं मी मनाशी म्हणायला गेले, आणि ते वाक्य पुरं झालं नाही. फोकसचं चाक आठवलं. फाटकाजवळचा हात आठवला. कडक काटे बोटाला लागतात. मऊ काटे लागत नाहीत, ते बघावेच लागतात. आणि पंधरा तर सरांना शंभर वर्षांच्या पुस्तकातून पाठ.

"सर, मी नम्रता."

त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"किती वेळ उभी आहेस?"

"आत्ताच आले."

"हातात काय आहे?"

"बरणी. राणीची."

"हं." त्यांनी बरणी चाचपली. "परत बरणीत सोडताना खवले हाताला लागले. राणीचे खवले. तोवर चिठ्ठी बशीत गेली होती."

"मग फाडायची होती."

"फाडायची होती."

"कधीपासून सर?"

"गेल्या पावसाळ्यापासून. मधलं गेलंय, कडेचं दिसतं. तुझ्या कानाकडे बघितलं की तोंडाचा अंदाज येतो. डॉक्टर म्हणतात, आहे ते राखा. हे कळलं की लॅबमध्ये मला कोण मोजायला बसवणार, नम्रता? दुसरं काय येतं मला?"

दया यायला हवी होती. आलीही असती. पण त्याआधी माझ्या तोंडून निघालं, आणि मोठ्यानं निघालं, शेजारच्या खोलीतल्या बाई बाहेर डोकावल्या.

"सर, मी माझे डोळे तपासून आले हो! दादरला जाऊन, औषध घालून. मला वाटलं माझेच गेलेत. माझा दादा म्हणतो तुम्हाला कांबळेचा आकडा चालत नाही, मी तुमच्यासाठी त्याच्याशी भांडले. आणि तुम्ही न बघता पंधरा लिहीत होता? माझे बघितलेले सतरा हलके, आणि तुमचे न बघितलेले पंधरा जड? ते कसं काय?"

खाली कुणीतरी केळीवाल्याशी घासाघीस करत होतं.

"तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर लवकर मानलं असतं का, असं विचारतेस," सर हळू म्हणाले. "माहीत नाही. नाही असं म्हणायला आवडलं असतं. पण मी ते स्वतःला विचारलेलंच नाही कधी. तू विचारलंस म्हणून आता विचारावं लागेल."

तेवढ्यात काकू आल्या, भाजीची पिशवी घेऊन. आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"कळलं का हिला? बरं झालं बाई. मला टॅक्सीतून फिरायची हौस आलीय म्हणून किती दिवस सांगायचं!" आणि आत जाऊन चहा टाकला. मी प्यायले. न पिता निघून यायला हवं होतं की काय, कळत नाही.

१ एप्रिल

सरांनी इरावतीला आणि बाकी सगळ्यांना बोलावलं. उभं राहून सांगितलं, "जानेवारीपासूनच्या माझ्या सगळ्या चिठ्ठ्या रद्द. मला मऊ काटे दिसत नाहीत. नम्रताला ते माहीत नव्हतं, मी होऊ दिलं नाही. हे माझ्याकडून चुकीचं झालं." एवढंच. खुर्ची चाचपून बसले.

मग इरावतीनं मोजलं, रीतीप्रमाणे, मला न सांगता. बशी उघडली, सरांना वाचून दाखवली.

सतरा. पाचही माशांचे सतरा.

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. आनंद होता की राग, माझं मलाच सांगता येईना.

१५ एप्रिल

काल जयंती. आमच्या चाळीखाली सगळे जमलेले असताना दादाला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो वरमेल.

"म्हणजे दिसत नव्हतं. ओके. वाईट झालं." निळा झेंडा गुंडाळत तो म्हणाला. "पण दिसत असतं आणि तरी नाही जुळलं असतं, तर कोणाचं खरं झालं असतं?"

"पुन्हा मोजलं असतं."

"पक्का?"

मी पक्का म्हटलं नाही.

६ मे

एक्स-रे आला. सतरा. केरळवाल्यांचा मासा वेगळाच निघाला, त्यांच्या किनारीला काळी रेघ आहे. आमचा लेख या आठवड्यात जाणार.

नावाचं ठरत नव्हतं. आमच्या धंद्यात स्वतःचं नाव द्यायची पद्धत नाही, दुसऱ्याचं देतात. इरावतीला वाटलं सरांचं द्यावं, आणि मीही अर्धवट तयार होते. सरांनीच मोडता घातला, "जो मला दिसलाच नाही त्याला माझं नाव कशाला?" आईचं दिलं, कौसल्या. आईला सांगितलं तर म्हणाली, "माशाला माझं नाव? आता लोक कालवणात घालतील मला." पण शेजारी सांगून आली.

लेखात लिहिलंय: कडक काटे मोजले गंगाधर सप्रे यांनी. मऊ काटे, नम्रता कांबळे आणि इरावती. हे मीच असं लिहिलं. सरांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "गरज नव्हती." मी म्हटलं, दहा तुमचे बरोबरच होते. राग अजून आहे, पण बरोबर ते बरोबर.

शेवटी रंगाचा परिच्छेद राहिला होता. सर म्हणाले, "सांग."

"किनार पिवळी." मी थांबले. "परवा काकूंनी नेसली होती ना, त्या साडीच्या काठासारखी."

"ती नवी आहे. ती मी पाहिली नाही."

मग मी बराच वेळ विचार करत बसले. हळद नाही, लिंबू नाही, झेंडू तर नाहीच. सरांनी पाहिलेलं, पोटभर पाहिलेलं काहीतरी हवं होतं. खिडकीतून रस्त्याकडे बघितलं तर तिथे आता पांढऱ्या गाड्याच जास्त.

"सर, आपली काळीपिवळी टॅक्सी. जुनी. तिच्या टपाला नुकता रंग दिलाय, सकाळची वेळ, आणि टॅक्सीवाल्यानं वर बादलीभर पाणी ओतलंय."

सरांनी डोळे मिटले. लेखात 'पिवळा' एवढंच छापून येणार आहे, ते दोघांनाही माहीत होतं.

"दिसला," सर म्हणाले. "आता पुढचं सांग."